सिस्टरांनी न गायलेले गाणे

मित्रांनो, मी एक जुनी फीत आहे. केस बांधायची नव्हे, आवाज बांधून ठेवायची. रंग तपकिरी, रुंदी करंगळीच्या नखाएवढी, आणि सरळ उलगडले तर गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचेन एवढी लांबी. पत्र्याच्या चपट्या डब्यात गुंडाळी होऊन मी पडून असते. माझ्यावर अकरा गाणी आहेत. बारावे गाणे माझ्यावर नाही. ते कुणी गायलेच नाही. तरीही हजारो लोकांनी ते ऐकले आहे. माझी गोष्ट त्या बाराव्या गाण्याचीच आहे.

माझे अंग म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी आणि तिच्यावर थापलेली लोखंडाच्या गंजाची बारीक पूड. गंजाला जगात कुणी चांगले म्हणत नाही. पण त्या काळी आवाज धरून ठेवायचा तर गंजासारखे दुसरे काही नव्हते. कारखान्यातून मी आले ती एका ध्वनिमुद्रकाच्या खोलीत. शिवणयंत्रे दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या वरती ती खोली होती. भिंतींना जुन्या घोंगड्या ठोकलेल्या, खिडकीला पुठ्ठे लावलेले. खालचा दुरुस्तीवाला काम थांबवायला तयार झाला की मगच वर ध्वनिमुद्रण सुरू व्हायचे. ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणत. त्याला स्वतःला एक ओळ धड गाता येत नसे, पण तारेला धक्का लागला तरी तो मान वळवून बघायचा.

त्या दुपारी सिस्टर आल्या. त्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका होत्या. ड्रेसिंग बदलल्यावर मुले कळवळायची, झोपायची नाहीत, म्हणून सिस्टर त्यांच्यासाठी गाणी रचायच्या. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. 'दुखणे उशीखाली ठेव, सकाळी शोधू नकोस' अशी त्यातल्या एकाची सुरुवात होती. वॉर्डातल्या डॉक्टरांनी ती गाणी ऐकली आणि कानसेनाच्या कानावर घातली. सिस्टर आल्या त्या ड्यूटीच्या पांढऱ्या कपड्यांतच. छातीवर उलटे टाचलेले छोटे घड्याळ होते.

"सिस्टर, ते घड्याळ काढून ठेवता का?" कानसेन म्हणाला. "टिकटिक येतेय."

"चारला माझी ड्यूटी आहे. ते काढलं की मला वेळेचं भान राहत नाही."

"अहो, पण एकदा आत गेली की ती टिकटिक कायमची राहील."

"राहू दे की. तेवढीच मला सोबत."

मग त्या गायल्या. मित्रांनो, तोपर्यंत मी कोरी होते. कोरेपणात सुख असते की दुःख, ते मला सांगता येणार नाही. पण पहिला सूर अंगावर उमटला तेव्हा माझ्यातले गंजाचे कण कुणीतरी नावाने बोलावल्यासारखे एका बाजूला वळले. ते आजही तसेच वळलेले आहेत. दोन गाण्यांच्या मध्ये सिस्टर खाकरल्या, पाणी प्यायल्या, एकदा हसल्या. तेही सगळे माझ्यापाशी आहे. पावणेचारला अकरावे गाणे संपले आणि त्या जिना उतरून धावत गेल्या.

पुढे एका छोट्या कंपनीने त्या गाण्यांची तबकडी काढायचे ठरवले. कंपनीचा माणूस एक कागद घेऊन वॉर्डात गेला. 'या गाण्यांची तबकडी काढण्याचे व विकण्याचे हक्क कंपनीकडे राहतील' एवढेच त्यावर लिहिले होते. सिस्टरांनी तो उभ्याउभ्याच वाचला आणि मुलांच्या तापाची नोंद करायच्या पेनाने सही केली. तबकडीपलीकडे गाणे कुठे राहू शकेल, असा विचारच तेव्हा कुणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. माझ्यावरून, मधल्या हसण्यासकट, तबकडीचा साचा निघाला आणि मी कानसेनाच्या कपाटात परत आले.

तबकडी घरोघरी गेली. आयांना स्वयंपाकघरात थोडी उसंत मिळावी म्हणून ती लावली जाई. सिस्टरांचे कौतुक झाले. त्यांचे लग्न झाले. नवरा बोटीवर कामाला, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. मुलगी झाली. तिचे कागदोपत्री नाव काहीही असो, घरात ती ठकू. ठकू आठ महिन्यांची असताना सिस्टरांच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावे लागले.

कानसेन त्यांना भेटायला गेला तेव्हा मला आणि आपले यंत्र घेऊन गेला. त्याला वाटले, त्यांना बरे वाटेल. पहिल्या गाण्याच्या दोन ओळी झाल्या असतील. सिस्टरांनी हात वर केला. उशाशी पाटी होती, तिच्यावर त्यांनी लिहिले, 'बंद करा.' कानसेनाचा चेहरा पडला. मग सिस्टरांनी ते पुसून खाली लिहिले, 'पण घेऊन जाऊ नका.' त्यांनी स्वतःच्या हाताने मला डब्यात ठेवले आणि डबा दुलयांच्या घडीत सरकवला. त्या उबेत मी पन्नास वर्षे राहिले.

सिस्टर पुन्हा वॉर्डात रुजू झाल्या. आता त्या टाळी वाजवून मुलांना बोलावत आणि पाटीवर लिहून समजावत. वॉर्डात कुणीतरी ती तबकडी आणून ठेवली होती. ती लागली की सिस्टर बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहत आणि संपली की आत येत. एकदा पायाला प्लॅस्टर घातलेल्या एका मुलीने विचारले, "सिस्टर, ही गाणारी बाई कोण आहे?" सिस्टरांनी लिहिले, 'माझ्या ओळखीची होती.' हे मला कसे कळले? त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ते ठकूला पाटीवर लिहून दाखवले, आणि ठकूने ते अक्षर लावून मोठ्याने वाचले. ठकू तेव्हा सात वर्षांची होती.

ठकूने आईचा बोललेला एकही शब्द कधी ऐकला नाही. म्हणजे ऐकला असेल, पण आठ महिन्यांच्या बाळाला त्याची काय आठवण? तिच्यासाठी आई म्हणजे खडूचा वास आणि टाळीचा आवाज. गाणाऱ्या आईला ती फक्त तबकडीवरून ओळखत होती, आणि तीही घरात लावायची नसे.

सिस्टर गेल्या. ठकू मोठी झाली, चष्म्याच्या दुकानात भिंगे घासून फ्रेममध्ये बसवण्याचे काम करू लागली. तिला एक मुलगी झाली. छोटी कंपनी दुसरीने विकत घेतली, दुसरी तिसरीने. तिसरी फार मोठी होती. आपल्या पेटाऱ्यात सिस्टर नावाचे कुणी आहे, हे तिथे कुणाला माहीत असेल असे मला वाटत नाही.

मग एका सकाळी ठकूची लेक कॉलेजला निघता निघता थांबली. तिच्या हातात फोन होता.

"आई, ऐक जरा. ही आजी आहे ना?"

दुलयांतून मलाही ऐकू आले. आवाज सिस्टरांचाच होता. तोच किंचित दाटलेला खालचा सूर, ओळ संपताना श्वास सोडायची तीच ढब. पण गाणे मला माहीत नव्हते. कुठल्याशा झोपेच्या, ढगांच्या गाण्याचे गुळगुळीत शब्द होते ते. ठकू हातातली फणी तशीच धरून उभी राहिली.

"हे गाणं तिचं नाहीये," ती म्हणाली.

"मग कुणाचं?"

"ते मला काय माहीत? पण आवाज तिचा आहे."

मित्रांनो, त्या क्षणी मला भीती वाटली. अकरा गाण्यांपलीकडे या आवाजाचे जगात काही नाही, असे मी इतकी वर्षे धरून चालले होते. आपल्या पश्चात आपल्या घरात कुणीतरी आपल्याच पावलांनी फिरते आहे असे कळावे, तसे मला झाले.

लेकीने एक साधा उपाय केला. घरातल्या तबकडीवरचे खरे गाणे तिने फोनवर उतरवून घेतले आणि 'ठकूच्या आईचे गाणे' असे नाव देऊन इंटरनेटवर टाकले. म्हटले, लोकांना खरे काय ते कळू दे. तासाभरात ते तिथून काढले गेले. खाली निरोप होता: या ध्वनिमुद्रणाचे हक्क अमुक कंपनीकडे आहेत. तो निरोप कुणी माणसाने पाठवला नव्हता. गाणी जुळवून पाहणारे एक यंत्र असते, त्याने पाठवला होता. त्याच कंपनीच्या आवाज बनवणाऱ्या यंत्रातून निघालेले खोटे गाणे मात्र तिथेच राहिले, कारण ते कुठल्याच जुन्या गाण्याशी जुळत नव्हते.

ठकू आणि तिची लेक वकीलबाईंकडे गेल्या. मला पिशवीत घालून नेले होते. वकीलबाई चष्मा कपाळावर सरकवून समजावू लागल्या.

"शब्द आणि चाल तुमच्या आईची. तो हक्क वारसाने तुमच्याकडे येतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क कंपनीचा, पण तो तबकडीपुरता की सगळ्याच प्रकारांना, यावर वाद घालता येईल. गायिका म्हणून तुमच्या आईचा वेगळा हक्क होता, त्यालाही मुदत असते. आणि हे जे नवीन गाणं आहे, त्यात शब्द त्यांचे नाहीत, चाल त्यांची नाही, ध्वनिमुद्रणही जुनं नाही."

ठकू म्हणाली, "आमच्या दुकानात फ्रेम एका कारखान्याची असते, काच दुसऱ्याची, नंबर डॉक्टरांनी काढलेला. ते सगळं मला कळतं. पण बाई, नजर कुणाची असते?"

"तेच तर कायद्यात लिहिलेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "कायदा झाला तेव्हा माणूस गेला की त्याचा नवा आवाज निघायचा बंद होत असे."

दावा उभा राहिला. कंपनीचे म्हणणे साधे होते: आम्ही तुमचे एकही गाणे घेतलेले नाही. आमच्या यंत्राने असंख्य आवाज ऐकले आणि त्यातून स्वतःचा एक तयार केला. तो कुणासारखा वाटला, तर तो योगायोग. आता त्या यंत्राने सिस्टरांचे ध्वनिमुद्रण वापरले हे दाखवायचे कसे? वकीलबाईंनी कानसेनाला शोधून काढले. तो ऐंशीच्या घरात होता. खालचे शिवणयंत्रांचे दुकान जाऊन तिथे औषधांचे झाले होते, पण वरच्या घोंगड्या तशाच होत्या.

त्याने मला डब्यातून काढले, बोट फिरवले आणि बोटाकडे पाहिले. तपकिरी चिकट डाग पडला होता. माझे वय झाले होते. माझा गंज सुटू लागला होता.

"हिला आधी मंद उबेत सुकवावं लागेल, दोन दिवस," तो म्हणाला. "त्यानंतर दोनदा वाजेल. फार तर तीनदा. मग कण निघून येतील आणि नुसती पट्टी उरेल."

न्यायालयात मला टेबलावर ठेवले. शेजारी कानसेनाचे जुने यंत्र. कंपनीचे वकील त्याच्या कानातल्या यंत्राकडे पाहून म्हणाले, "आजोबा, तुम्हाला कमी ऐकू येतं ना?"

"हो," कानसेन म्हणाला. "म्हणून नको ते ऐकत बसत नाही."

काही लोक हसले. मग त्याने माझ्यावरचे तिसरे गाणे लावले आणि सगळ्यांना गाण्याकडे लक्ष न देता गाण्याच्या मागे ऐकायला सांगितले. सिस्टरांचा सूर खाली उतरला की मागे हलकी टिकटिक होती. कानसेन बोट हलवून मोजत राहिला. "त्यांच्या छातीवरचं घड्याळ. त्याला एक खोड होती. दर अकराव्या ठोक्याला ते जरासं अडखळायचं. आता तुमचं गाणं लावा."

बारावे गाणे लागले. ढग आले, झोप आली, गुळगुळीत शब्द आले. आणि दोन ओळींच्या मधल्या शांततेत, अगदी तळाशी, टिकटिक होती. अकरावा ठोका अडखळला.

ठकूने आपल्या छातीवर हात ठेवला होता. ते घड्याळ सिस्टरांबरोबर गेले होते, मित्रांनो. पण यंत्राला माणूस आणि घड्याळ यांतला फरक कुठे कळतो? त्याने दोन्ही मिळून एकच बाई समजून घेतली होती.

न्यायाधीशबाईंनी ते दोनदा ऐकले. निकाल देताना त्या म्हणाल्या, "यंत्र फक्त ऐकतं, असं तुमचं म्हणणं आहे. माणूस ऐकतो तेव्हा त्याच्या डोक्यातून दुसऱ्याचं घड्याळ बाहेर पडत नाही. तुमच्या यंत्रातून पडलं. म्हणजे आत नक्कल झालेली आहे, आणि तबकडीच्या करारात या नकलेला परवानगी नाही." बारावे गाणे काढून टाकायचा हुकूम झाला. "मात्र आवाज कुणाचा," त्या पुढे म्हणाल्या, "याचं उत्तर माझ्यासमोरच्या कायद्यात नाही. ते आता लिहिलं गेलं पाहिजे."

आपण जिंकलो, असे लेक म्हणाली. ठकूही तसे म्हणाली. पण आठवड्याभराने एक पत्र आले. कुणा अनोळखी बापाने लिहिले होते, 'माझा मुलगा चार महिने इस्पितळात आहे. त्या गाण्याशिवाय तो झोपत नसे. तुमचे बरोबर असेल, पण ते गाणे आता कुठे मिळेल?' ठकूने ते पत्र टाकून दिले नाही. सिस्टरांची खरी अकरा गाणी तिने त्याला पाठवली. उत्तर आले नाही.

पुढच्या वर्षी कायदा बदलला. कुणाच्याही आवाजाची यंत्राने नक्कल करायची तर त्या माणसाची लेखी संमती हवी; माणूस हयात नसेल तर वारसांची. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यानंतर महिन्याभरातच मोठ्या कंपनीचे बोलावणे आले. येताना मूळ फीत आणावी, अशी विनंती होती. माझ्यावरून घेतलेला आवाज तबकडीवरच्यापेक्षा स्वच्छ निघाला असता.

काचेच्या खोलीत मऊ बोलणारा एक अधिकारी होता. आधी झाल्या प्रकाराची त्याने माफी मागितली, आणि ती मनापासून मागितली असे मला वाटले. आता सगळे कायद्याने, सिस्टरांच्या नावानिशी होईल, तो म्हणाला. मग त्याने अर्ज पुढे सरकवला. "सही करण्याआधी एक छोटीशी भेट आहे आमच्याकडून. ऐकाल?"

ठकूने मान हलवली. मी तिच्या मांडीवर, पिशवीत होते.

"ठकू," सिस्टर म्हणाल्या. "ठकू, इकडे ये गं."

हाक नेहमीची होती. दिवसातून दहा वेळा कुठलीही आई मारते तशी. पण त्यातला 'ठ' माझ्या पहिल्या गाण्यातला होता, 'ये' सातव्यातला, आणि शेवटचा हेल सिस्टर हसल्या होत्या त्या जागेचा. माझेच तुकडे होते ते. मला ते एकेक ओळखू येत होते, आणि ओळखू येऊनही, मित्रांनो, मला त्या सिस्टरच वाटल्या.

ठकू बावन्न वर्षांची होती. आईने आपल्याला नावाने हाक मारलेली ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. त्याने लावले. "पुन्हा." तिसऱ्यांदा झाल्यावर तिने डोळे पुसले, अर्ज ओढून घेतला आणि 'वारसाची संमती' या रकान्यात लिहिले. लेक वाकून बघू लागली. अधिकाऱ्याने कागद फिरवून वाचला. लिहिले होते, 'आईला विचारा.'

"पण त्या तर हयात नाहीत," तो हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग हे हो धरायचं की नाही?"

"ती नसेल तर मला विचारा, असं कायदा म्हणतो. विचारलंत, बरं केलंत. तिच्याविषयी मला माहीत आहे तेवढं मी सांगेन. पण तिच्या वतीने मी हाक मारायला लावणार नाही. तिला स्वतःचं गाणंसुद्धा पुरतं ऐकवत नव्हतं."

"आई, नीट विचार कर," लेक म्हणाली. "परत नाही मिळणार हे."

"तेच मला सहन होत नाहीये गं," ठकू म्हणाली. "पण हे तिचं नाही."

वकीलबाईंनी नंतर सांगितले की या उत्तराचा कायद्याने 'नाही' असाच अर्थ होतो. कंपनीने ती हाक पुसल्याचे पत्र पाठवले. ठकूने ते वाचले आणि विचारले, "पुसली म्हणजे नक्की कुठून पुसली?" कधी संध्याकाळी शेजारच्या घरात एखाद्या बाईने आपल्या मुलाला हाक मारली, की ठकू भिंग घासता घासता थांबते. तिच्या कानात ती हाक आता कायमची जाऊन बसली आहे. ती कुठल्या हुकमाने काढायची?

मित्रांनो, मी आता एकदाच वाजू शकेन. ते वाजवणे कधी आणि कुणासाठी, हे ठकूने ठरवलेले नाही, आणि घाई करू नये असे मलाही वाटते. तुमच्या हातात फार मोठी साधने आली आहेत. बोटाच्या एका टोकाने तुम्ही कुणाचाही आवाज उचलू शकता, कुणालाही गायला लावू शकता. कायदा मागून धापा टाकत येतो आहे. तो येईल. पण त्याच्या आधी तुम्ही पोचाल, म्हणून तुम्हाला सांगते. आवाज ऐकलात की तो कुणाचा, हे विचारा. उचलण्याआधी त्या माणसाला विचारा. आणि विचारायला माणूस उरला नसेल, तर त्याच्या गप्प बसण्याला होकार समजू नका.